पावनखिंडीची वाट आणि आमची मुलं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पन्हाळगड ते पावनखिंड या वाटेवर माणसांची रांग लागते. कोल्हापूर, सांगली, पुणे, मुंबई, कुठून कुठून लोक येतात. शाळेतली पोरं असतात, कॉलेजची असतात, साठी ओलांडलेले आजोबाही असतात. पन्नासहून जास्त किलोमीटरची पायवाट, भर पाऊस, गुडघ्यापर्यंत चिखल आणि सोसाट्याचा वारा. बहुतेक जण दोन दिवसांत ती पार करतात. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून याच वाटेनं विशाळगडाकडे गेले, त्या रात्रीची ही आठवण.

या रांगेत मुसलमान मुलं बोटावर मोजण्याइतकी सापडतात. ती जास्त असायला हवीत असं माझं मत आहे, आणि ते मत नुसतं घरात बसून झालेलं नाही. कोकणातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवते. आमच्या शाळेतली एकोणीस मुलं-मुली आणि आम्ही तीन शिक्षक ही वाट चालून आलो आहोत. जाण्याआधी दोन प्रश्न ऐकले. एक आपल्या माणसांकडून: "आपल्याला तिकडे काय करायचंय?" दुसरा बाहेरून, जरा हसत हसत: "तुम्ही लोक पण येता होय या ट्रेकला?" प्रश्न दोन दिशांनी आले, पण दोन्हींमागचा समज एकच आहे. ही वाट एका धर्माची आहे, असा. तो समज इतिहासात टिकत नाही आणि चालायला लागल्यावर तर अजिबातच टिकत नाही.

आधी इतिहास थोडक्यात सांगते, कारण आपल्यातल्या पुष्कळांना पावनखिंड फक्त चित्रपटातून माहीत आहे.

नोव्हेंबर १६५९ मध्ये अफझलखान मारला गेला आणि त्याच महिन्यात महाराजांनी पन्हाळा घेतला. आदिलशहानं कर्नूलच्या सिद्दी जौहरला 'सलाबतखान' हा किताब देऊन पाठवलं. मार्च १६६० च्या सुरुवातीला त्यानं पन्हाळ्याला वेढा घातला. पावसाळा आला तरी वेढा उठला नाही. राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन हा इंग्रज तोफा आणि दारूगोळा घेऊन जौहरच्या मदतीला आला. आमच्या मुलांना हे सांगितलं तेव्हा ती चमकली, कारण राजापूर म्हणजे आमच्याकडचंच गाव. वेढा बाहेरून फोडायचा एक प्रयत्न सरनौबत नेताजी पालकरांनी केला. त्यांच्यासोबत सिद्दी हिलाल होता आणि त्याचा मुलगा वाहवाह. त्या लढाईत वाहवाह जखमी होऊन जौहरच्या हाती सापडला. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत'मध्ये हा प्रसंग आहे.

मग १२ जुलैची रात्र. महाराज निवडक मावळे घेऊन गडावरून उतरले. दुसऱ्या पालखीत शिवा काशीद, नाभिक समाजातला माणूस, महाराजांचा वेष करून बसला आणि मारला गेला. जौहरचा जावई सिद्दी मसूद पाठलागावर निघाला. गजापूरजवळच्या घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांची माणसं त्याला अडवून उभी राहिली. बहुतेक तिथेच पडली. घोडखिंडीची पावनखिंड झाली ती त्यानंतर. पण महाराज विशाळगडाखाली पोचले तेव्हा तिथेही वेढा होता. तो घातला होता शृंगारपूरच्या सूर्यराव सुर्व्यांनी आणि पालवणीच्या जसवंतराव दळव्यांनी. आदिलशाहीचे हे दोन्ही सरदार हिंदू, मराठे, आणि त्यांची फळी फोडून महाराजांना वर जावं लागलं.

म्हणजे त्या एका रात्रीच्या हकिगतीत महाराजांसाठी लढायला आलेला एक सिद्दी आहे, महाराजांना पकडायला आलेला दुसरा सिद्दी आहे, आणि गडाच्या तोंडाशी वाट अडवून बसलेले सुर्वे-दळवी आहेत. ही सगळी नावं एका दमात घेतली, तर ती लढाई धर्मयुद्ध म्हणून सांगणं फार अवघड होतं. अर्धी गाळली की सोपं होतं.

इथे आपल्या लोकांनाही दोन शब्द सुनवायचे आहेत. आपण या इतिहासाचं काय करतो? शिवजयंतीला भाषण असलं की एक यादी वाचतो. सिद्दी हिलाल, नूरखान बेग, दौलतखान, सिद्दी इब्राहिम, काझी हैदर. नावं खरी आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण वाचताना आपला सूर कसा असतो? रेशन दुकानात कार्ड दाखवावं तसा. बघा, आमचेही होते, आता आम्हाला राहू द्या. यादी वाचून झाली की आपण खाली बसतो आणि पुढच्या वर्षीपर्यंत त्या इतिहासाशी आपला संबंध संपतो. व्हॉट्सअॅपवर तर याहून पुढची गोष्ट चालते. महाराजांच्या सैन्यात इतके टक्के मुसलमान होते, असा आकडा फिरत असतो. त्या काळी सैनिकांची धर्मवार मोजणी करून कुणी टक्के काढून ठेवलेले नाहीत. मी वर्गात मुलांना सांगते, हा आकडा निबंधात लिहिलात तर मी गुण कापेन. आपली बाजू खरी असताना तिला खोट्या आकड्याचा टेकू कशाला?

दाखला म्हणून वापरलेला इतिहास मुलांच्या अंगी लागत नाही, हे मी वीस वर्षं वर्गात उभी राहून बघते आहे. नावं पाठ होतात, परीक्षा झाली की विसरतात. अंगी लागतो तो पायाखालून गेलेला. कुरआनातही एकदा नव्हे, अनेक ठिकाणी, जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचं काय झालं ते बघा, असं सांगितलं आहे. आपण त्याचा अर्थ फक्त हज-उमऱ्याच्या सफरीपुरता का घेतो, मला समजत नाही.

आता त्या चालण्याबद्दल.

आदल्या संध्याकाळी आम्ही पन्हाळ्यावर पोचलो आणि मुलांना तीन दरवाजा दाखवायला नेलं. तिथे आदिलशाही काळातला फारसी शिलालेख आहे. आमची मुलं मान वर करून अक्षरं लावू लागली. दगडातलं ते वळणदार लिखाण सगळं वाचणं आम्हा शिक्षकांनाही जमणारं नव्हतं, पण लिपी ओळखीची होती. एकाला 'शाह' सापडला, एकीला 'आदिल'. बाजूला पुण्याकडचा एक ग्रुप फोटो काढत उभा होता. त्यांच्यातला एक जण म्हणाला, "तुम्हाला येतं हे वाचायला? आम्ही दर वर्षी येतो, पण यात काय लिहिलंय ते कुणी सांगितलंच नाही." मग दहा-बारा जण गोळा झाले आणि आमच्या नववीतल्या पोरी त्यांना 'शीन' कसा ओळखायचा ते दाखवायला लागल्या. आपल्या मुलांची उर्दू त्यांच्या आड येते असं आपणच म्हणत असतो. महाराष्ट्राच्या किल्ल्यांवर फारसी लेख आहेत, जुन्या दफ्तरांत फारसी कागद आहेत. ते वाचायची पहिली पायरी आमच्या मुलांनी पाचवीतच ओलांडलेली असते. पण ही गोष्ट त्यांना कुणी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालो. राजदिंडीतून उतरलो. खाली तुरुकवाडी लागते. पाटी वाचून एक मुलगा ओरडला, "मॅडम, आपलं गाव आलं!" सगळे हसले, आमच्या पुढे चाललेले अनोळखी लोकही हसले. म्हाळुंगे गेलं आणि मसाई पठाराची चढण सुरू झाली.

आमची मुलं कोकणातली. पावसाचं त्यांना काय कौतुक? पण कोकणातला पाऊस उबदार असतो आणि वरून पडतो. मसाईवरचा पाऊस बाजूनं येतो. पठार म्हणजे मैलोन्‌मैल सपाट जांभा, झाड नाही, बांध नाही, आणि घाटमाथ्यावरून सुटलेला वारा अडवायला मध्ये काही नाही. वर पोचल्यावर पाच मिनिटांत तीन छत्र्या उलट्या झाल्या. प्लास्टिकचे रेनकोट पतंगासारखे फडफडायला लागले. धुकं इतकं की पुढच्या मुलाची सॅक दिसायची आणि त्याच्या पुढचं काही नाही. बोललेलं ऐकू येत नव्हतं. मी मुलांना दोन-दोनच्या जोड्या करून हात धरायला लावलं आणि आमचे पीटीचे सर शेवटी राहिले.

अशा दिवशी खरा धोका पाय घसरण्याचा वाटतो, पण तो त्याहून गारठ्याचा असतो. भिजलेला सुती कपडा अंगातली ऊब ओढून घेतो आणि वारा ते काम दुप्पट वेगानं करतो. थंडी वाजते म्हणून तक्रार करणाऱ्या मुलाची काळजी नसते. तक्रार करायची थांबून गप्प झालेल्याची असते. आमची एक मुलगी अशीच गप्प झाली. प्रश्न विचारला तर उत्तर उशिरा यायला लागलं, हात थरथरत होते आणि बाटलीचं झाकण उघडेना. मसाई देवीच्या देवळाच्या आडोशाला आधीच चाळीसेक माणसं दाटीनं उभी होती. एक आजोबा मागच्यांना म्हणाले, "सरकून घ्या रं जरा, पोर गारठलीया." जागा झाली. बायकांनी आमच्याभोवती चादरीचा आडोसा धरला. ओलं स्वेटर, ओली ओढणी काढून तिला पिशवीत बांधून आणलेले कोरडे कपडे घातले, डोक्याला कोरडा रुमाल बांधला, गूळ-शेंगदाणे चारले. एकीनं थर्मासमधला चहा दिला. वीस मिनिटांत पोरगी बोलायला लागली आणि पहिलं वाक्य म्हणाली, "मॅडम, माझी ओढणी कुठेय?" त्या बायकांनी आमची नावं विचारली नाहीत. नंतर विचारली, तीही सेल्फी पाठवायला नंबर घेताना.

जोहरची वेळ झाली तेव्हा आम्ही पठाराच्या दुसऱ्या टोकाकडे होतो. आता किब्ला कुठे? सूर्य नाही, धुक्यात डोंगर नाहीत, आणि मोबाईल प्लास्टिकच्या तीन थरांत. पीटीच्या सरांनी मुलांनाच विचारलं. भूगोलात नैऋत्य मोसमी वारे सगळ्यांनी पाठ केले होते. एक मुलगा म्हणाला, "वारा नैऋत्येकडून येतोय. मग पश्चिमेला तोंड केलं की तो डाव्या गालावर लागला पाहिजे." सगळे डावा गाल वाऱ्याला देऊन उभे राहिले. बाजूनं जाणारा एक ट्रेकर थांबला, "काय शोधताय?" म्हणाला. पश्चिम, असं सांगितल्यावर त्यानं खिशातून होकायंत्र काढलं. मुलांचा अंदाज फारसा चुकला नव्हता. प्लास्टिकची ताडपत्री अंथरली, कडेला बूट ठेवून वाऱ्यापासून दाबली आणि नमाज झाली. आमच्यातली बहुतेक मुलं शाफई, त्यांनी सफरीच्या सवलतीनं जोहर आणि असर एकत्र अदा केली. चार मुलं हनफी, त्यांनी असर पुढच्या वाडीत, जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात पढली. बाकीचे त्यांच्यासाठी थांबले. कुणी कुणाला मसला समजावत बसलं नाही. थंडी फार होती.

त्या पठारावर एका मुलानं मला जो प्रश्न विचारला, तो मला या सगळ्या सफरीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो म्हणाला, "मॅडम, सिद्दी जौहर आपला होता का?"

वर्गात हा प्रश्न त्यानं विचारला नसता. वर्गात मुलं उत्तर काय अपेक्षित आहे ते ओळखून बोलतात. आणि मला वाटतं, हा प्रश्न आपल्या प्रत्येक मुलाच्या मनात कधी ना कधी येतो. इतिहासाच्या तासाला खान, सिद्दी, शहा अशी नावं आली की वर्गातल्या काही माना त्याच्याकडे वळतात. तेव्हा तो मनातल्या मनात हिशेब करत असतो. आपण त्याला उत्तर दिलं नाही तर दुसरं कुणीतरी देतं, आणि ते उत्तर दोनच प्रकारचं असतं. एक जण सांगतो की तो तुमचा, म्हणून तुम्ही आमचे नाही. दुसरा सांगतो की तो आपला, म्हणून त्याची बाजू घे. दोन्ही उत्तरं मुलाला खड्ड्यात घालणारी आहेत.

मी त्याला म्हटलं, जौहर आदिलशहाची चाकरी करत होता. सुर्वे आणि दळवीही करत होते. बाजीप्रभू ज्या बांदलांकडे होते, ते बांदलही आधी महाराजांच्या विरोधात होते. सिद्दी हिलाल मात्र महाराजांच्या बाजूनं लढला आणि त्यानं आपला मुलगा या लढाईत पणाला लावला. नावावरून आपला कोण हे ठरवायला गेलास तर तुला सुर्व्यांचा हिशेब लागणार नाही आणि हिलालचाही लागणार नाही. मग कशावरून ठरवायचं ते तू ठरव, चालायला अजून दीड दिवस आहे. तो काही बोलला नाही. संध्याकाळी वाडीत पोचल्यावर त्यानं मला दुसरंच विचारलं, "मॅडम, पालखी उचलणाऱ्यांची नावं कुठे लिहिलीत का?" दिवसभर चिखलात चालल्यावर सुचलेला हा प्रश्न होता. आम्ही रिकाम्या हातानं, दिवसाउजेडी, दोन दिवसांत जे चाललो, ते त्या माणसांनी खांद्यावर पालखी घेऊन अंधारात, पाठीवर शत्रू असताना, एका दमात तोडलं होतं. पुस्तकात हे एक वाक्य असतं. पायांना कळतं की ते वाक्य किती लांब आहे.

मुक्कामाला एका घरी थांबलो. मावशींनी दारातच विचारलं, "तुमाला काय चालत न्हाई ते आधी सांगा बाई, मग मी चूल पेटवती." पिठलं, भाकरी, भात. एकोणीस मुलांचे ओले कपडे चुलीभोवती दोरी बांधून वाळत घातले. रात्री शेजारच्या अंगणात दुसऱ्या एका मोठ्या ग्रुपचा इतिहासकथनाचा कार्यक्रम होता. आम्हालाही बोलावलं, आम्ही गेलो. सांगणारे गृहस्थ रंगून सांगत होते, आवाज चांगला होता. पण त्यांच्या गोष्टीत हिलाल नव्हता, सुर्वे नव्हते, दळवी नव्हते. एका बाजूला हिंदू आणि दुसऱ्या बाजूला मुसलमान, एवढंच होतं. आमची मुलं खाली बघून बसली.

कार्यक्रम झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले आणि विचारलं की विशाळगडाखाली वाट कुणी अडवली होती, ते का सांगितलं नाहीत? ते चिडले नाहीत. म्हणाले, "ताई, मला माहीत आहे ते. पण वेळ कमी असतो." मी म्हटलं, दोन वाक्यांचं काम आहे. ते म्हणाले, "बघतो." ते बघतील की नाही, मला ठाऊक नाही. पण आमच्या मुलांना तिथे बसलेलं पाहिल्याशिवाय त्यांना तो प्रश्न कुणी विचारलाच नसता, हे नक्की. माझा मुद्दा हाच आहे. आपण त्या अंगणात नसलो की गोष्ट आपल्याविना सांगितली जाते, आणि मग वर्षभर आपण तक्रार करतो की गोष्ट चुकीची सांगितली.

आता सर्वांत अवघड भाग. हा लेख वाचणाऱ्या अनेक आई-बापांच्या मनात एव्हाना एक नाव आलं असेल. गजापूर.

१४ जुलै २०२४ रोजी, विशाळगडावरच्या अतिक्रमणाविरुद्ध दिलेल्या हाकेच्या दिवशी, जमाव गजापुरात शिरला. मशिदीची नासधूस झाली, घरं आणि गाड्या फोडल्या. गजापूर गडावर नाही, खाली वाटेत आहे. गडावर कोणतं बांधकाम कायदेशीर आणि कोणतं बेकायदा, हा कोर्टाचा विषय होता आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं भर पावसाळ्यातली पाडापाडी थांबवायला लावली. पण गावातल्या घरांचा आणि मशिदीचा त्या वादाशी काय संबंध होता, या प्रश्नाचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. ज्या खिंडीत बाजीप्रभू पडले तिचा उल्लेख जुन्या लिखाणात गजापूरच्या नावानंच येतो. त्या गावातल्या मुसलमानांची घरं त्या दिवसांच्याच आसपास, तेही महाराजांचं नाव घेत फोडली जावीत, याइतकं त्या रात्रीच्या विरुद्ध काही असू शकत नाही.

म्हणून एखादी अम्मी मला म्हणाली की मॅडम, माझं पोर मी त्या भागात पाठवणार नाही, तर मी तिला भित्री म्हणत नाही. तिची भीती खरी आहे. "काही होत नाही हो" असं म्हणून मी ती उडवून लावत नाही. आम्ही जाण्याआधी पोलीस ठाण्याला लेखी कळवलं होतं, ज्या घरी मुक्काम करायचा तिथे दोनदा जाऊन आलो होतो, आणि त्या आठवड्यात कुठे मोर्चा किंवा बंद आहे का याची रोज चौकशी केली होती. काही असतं तर आम्ही सफर रद्द केली असती. एका शाळेच्या सहलीला एवढं करावं लागतं, याचं मला दुःख आहे आणि ते मी लपवत नाही.

तरीही माझं म्हणणं बदलत नाही. फोडणारे त्या वाटेवर एक दिवस आले. सरकून जागा देणारे आजोबा, चादर धरणाऱ्या बायका, चुलीवर आमचे मोजे वाळवणाऱ्या मावशी तिथे कायम आहेत. मी भाबडी नाही. आजोबांच्या सरकण्यानं गजापूरची मशीद दुरुस्त होत नाही. पण आमच्या मुलांच्या डोक्यात त्या भागाचं एकच चित्र राहिलं, टीव्हीवर पाहिलेलं, तर त्या जमावाचं काम आपणच पूर्ण केलं असं होईल. दोन्ही चित्रं त्यांच्या डोक्यात राहू द्यात. कोणतं मोठं, ते त्यांना मोठेपणी ठरवू दे.

मुलींबद्दलही बोलते, कारण फोन त्याबद्दलच जास्त आले. मुली भिजतील, लोक बघतील, आजारी पडतील. मुली भिजल्या. लोकांनी बघितलं नाही, कारण त्या पावसात स्वतःच्या पायापलीकडे कुणी बघू शकत नाही. लांब कुर्ता, खाली ट्रॅकपँट, डोक्याला पिनांनी घट्ट बसवलेला स्कार्फ आणि त्यावर टोपी, एवढ्यानं परदाही राहतो आणि पायही मोकळे राहतात. सलवार चिखलानं जड होते, ती नको. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी ठेवायचा आणि मुक्कामापर्यंत, गारठा चढल्याशिवाय, त्याला हात लावायचा नाही. ओढ्याला पाणी चढलं असेल तर उतरण्याची वाट बघायची, घाई नाही. आजारी एकच जण पडला, तो म्हणजे पीटीचे सर.

मला काय हवंय ते सरळ सांगते. उर्दू शाळांच्या हेडमास्तरांनी सहलीच्या यादीत वॉटर पार्कच्या ऐवजी एक वर्ष ही वाट घ्यावी. ट्रेक नेणाऱ्या संस्थांनी मुक्कामाच्या कथनात सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा, सुर्वे आणि दळवी, शिवा काशीद आणि बांदल, सगळ्यांची नावं घ्यावीत. आमच्यावर मेहरबानी म्हणून घेऊ नयेत, खरं आहे म्हणून घ्यावीत. आणि आपल्यातल्या भाषण करणाऱ्यांनी निदान एक शिवजयंती यादी न वाचता घालवावी. त्याऐवजी एखाद्या मुलाला उभं करावं, जो सांगेल की मी मसाई पठारावर चाललो, वारा असा होता, चिखल असा होता, आणि मला हा प्रश्न पडला.

पाऊस उपकारक ठरो अशी दुआ आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. ती म्हणायला मुलं पावसात तर गेली पाहिजेत. येत्या जुलैसाठी आमच्या शाळेच्या संमतीपत्रकांवर आत्तापर्यंत सत्तावीस पालकांच्या सह्या झाल्या आहेत. त्यांतल्या अकरा मुलींच्या आहेत. एक सही त्या अम्मीची आहे जिनं मागच्या खेपेला नाही म्हटलं होतं. तिनं खाली एक अट लिहिली आहे: मुलाबरोबर मीही येणार.